नालबंदाचे शिक्षण

घोड्याची टाप महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते. केसांच्या कडेखाली तयार झालेले शिंगासारखे कवच पुढच्या बाजूने जमिनीला टेकायला नऊ महिने ते वर्ष लागते. त्यामुळे नाल एकदा ठोकला की झाले, असे या कामात होत नाही. दर पाच-सहा आठवड्यांनी तो उपटायचा, वाढलेली टाप छाटायची, कानस मारून सपाट करायची आणि नाल पुन्हा बसवायचा. घोडा वर्षातून नऊ-दहा वेळा नालबंदाच्या हाती पाय देतो. एवढ्या वेळा ज्याच्यावर विसंबायचे त्याने आपली विद्या शेवटची कधी ताजी केली, हे विचारणारा कायदा मात्र भारतात नाही.

ही उणीव पाहायला मुंबईजवळचा पनवेल परिसर घेऊ. त्याचा घोड्यांशी संबंध जुना आहे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली; रेल्वे येण्यापूर्वी मुंबईकर होडीने पनवेल बंदराला उतरत आणि घोडा, पालखी किंवा गाडी करून पुण्याची वाट धरत. त्याही आधी, मराठेशाहीत, मोहिमेपूर्वी शिलेदाराला मिळणाऱ्या आगाऊ रकमेला ‘नालबंदी’ असेच नाव होते. नाल ठोकण्याची विद्या बापाकडून लेकाकडे जाई आणि बहुतेक ठिकाणी आजही तशीच जाते. पनवेलच्या आसपास आता तीन तऱ्हांचे घोडे दिसतात. महालक्ष्मी आणि पुण्याच्या हंगामांमध्ये द्रुतगती मार्गावरून ने-आण होणारे शर्यतीचे घोडे, फार्महाऊसवरचे व लग्नाच्या वरातीतले घोडे, आणि डोंगरावर माथेरानचे. तिघांच्या पायाखालची जमीन वेगळी, म्हणून तिघांची टापही वेगळी झिजते.

कामातले सगळे कसब एका खिळ्यात पाहता येते. नालबंद पुढचा पाय मागे दुमडून आपल्या दोन गुडघ्यांमध्ये धरतो, पाठीत वाकतो आणि सुऱ्याने तळव्यावरचा सुटा थर काढतो. तळव्याच्या कडेने एक फिकट रेघ गोल फिरते. खिळा या रेघेत किंवा तिच्या बाहेरच गेला पाहिजे. रेघेच्या आत रक्त आणि संवेदना असलेला जिवंत भाग आहे, बाहेर निर्जीव कवच. खिळ्याचे टोक एका बाजूने तासलेले असते. ती बाजू आत ठेवली की ठोकताना खिळा बाहेरच्या अंगाला वळतो आणि कवचाच्या खालच्या तिसऱ्या भागाजवळ बाहेर निघतो. तासलेली बाजू उलटी धरली तर तो आत शिरतो. अनुभवी हात हे आवाजावरून ओळखतो. घट्ट कवचातून जाणाऱ्या खिळ्याचा ठोका टणक वाजतो, मऊ भागाकडे सरकलेल्याचा बोदा. घोडा लगेच पाय ओढतोच असे नाही. कधी खिळा जिवंत भागाला टोचत नाही, नुसता दाबून राहतो, आणि दोन-चार दिवसांनी घोडा लंगडतो. टोचलेल्या जागी पू होतो आणि धनुर्वाताची भीती राहते, कारण त्या रोगाला घोडा फार लवकर बळी पडतो.

हे कसब घरात शिकता येते, आणि घरात शिकलेले पुष्कळ नालबंद ते उत्तम करतात. पण घरात चुकाही वारसाहक्काने येतात. सर्वांत रुळलेली चूक म्हणजे लहान नाल बसवून बाहेर राहिलेली टाप पुढून घासून टाकणे. नाल टापेप्रमाणे वाकवायचा असतो, टाप नालाप्रमाणे कापायची नसते. दुसरी चूक पुढचा भाग लांब ठेवून टाच खाली बसू देण्याची. त्याने पायाच्या मागच्या कंडरांवर ताण येतो. तिसरी, तळव्यातला पाचरीच्या आकाराचा लवचीक भाग दर वेळी स्वच्छ दिसावा म्हणून कोरून काढण्याची. पाऊल टेकताना धक्का सोसायला तो भाग हवा असतो. या तिन्ही चुका त्या दिवशी कुणाला दिसत नाहीत. घोडा काही महिन्यांनी अडतो, तेव्हा दोष घोड्याच्या नशिबाला जातो. अडलेला घोडा, सडलेली पाने आणि विसरलेली विद्या यांचे कारण मराठीतल्या जुन्या कोड्यात एकच दिले आहे: फिरवले नाही. नालबंदाच्या बाबतीत घोडा आणि विद्या दोन्ही एकाच ठिकाणी येतात.

विद्या फिरवण्याची सोय इतरत्र वेगवेगळ्या मार्गांनी झाली आहे. ब्रिटनमध्ये १९७५च्या कायद्याने नालबंदांची नोंदणी सुरू झाली. नोंदणी नसलेल्याने घोड्याला नाल ठोकणे तिथे गुन्हा ठरते आणि नोंदणीपूर्वी सुमारे चार वर्षे उमेदवारी करावी लागते. अमेरिकेत परवाना लागत नाही, पण व्यावसायिक नालबंदांच्या संघटनेची मान्यता टिकवायची असेल तर दरवर्षी ठरावीक तासांचे शिक्षण दाखवावे लागते. अशा वर्गांत मेलेल्या घोड्यांचे पाय कापून आतली रचना पाहतात, क्ष-किरणांच्या चित्रांवरून हाडाचा कोन मोजतात आणि पशुवैद्याच्या शेजारी उभे राहून लंगड्या घोड्याची चाल तपासतात. डोळ्यांना बाहेरचे कवच तेवढे दिसते. आतले हाड कुठल्या कोनात बसले आहे, हे एकदा कापून पाहिलेल्या माणसाचा हात पुढे वेगळा चालतो.

भारतात अशी शिस्त बंदिस्त आवारात सापडते. सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये नालबंद हा स्वतंत्र हुद्दा आहे आणि त्याचे शिक्षण मेरठच्या केंद्रात होते. १८८३ पासून चाललेल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ॲल्युमिनियमचे हलके नाल बसवणारा माणूस पशुवैद्याच्या नजरेसमोर काम करतो. त्याची चूक पुढच्या शर्यतीत उघडी पडते. या दोन आवारांबाहेरचा नालबंद बहुधा एकटा असतो. पशुवैद्याला १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि ती मुदतीने नवी करावी लागते. नालबंदासाठी असे काही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांतल्या कारागिरांना प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या दिवसांचे पाचशे रुपये रोज आणि पंधरा हजारांपर्यंत अवजारे मिळतात. त्या यादीत लोहार आहे, चांभार आहे, न्हावी आहे. नालबंद नाही. लोहार म्हणून अर्ज करणाऱ्याला ऐरण आणि भट्टीचे काम शिकवले जाईल, टापेचे नव्हे.

ही उणीव पनवेलच्या डोक्यावरच, माथेरानला, सर्वांत ठळक दिसते. तिथे मोटारींना बंदी आहे आणि साडेचारशेच्या आसपास घोडे पर्यटकांना पाठीवर वाहतात. २००३ मध्ये हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. जांभ्याच्या लाल मातीची वाट नालाला धरून ठेवी. अलीकडे काही रस्त्यांवर मातीचे पेव्हर ब्लॉक आले, आणि त्यांवर घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. गुळगुळीत फरशीवर साधा लोखंडी नाल घसरतो यात नवल नाही. दगडी आणि डांबरी रस्त्यांसाठी डोक्यात कठीण धातू बसवलेले खिळे, रबराचे थर दिलेले नाल, असे उपाय जगात आहेत. पण प्रत्येक उपायाला नवे मोजमाप लागते. पकड फार वाढली तर पाय जमिनीला धरला जातो आणि सांध्याला हिसका बसतो. आजोबांच्या वेळी लाल मातीसाठी बसवलेला हिशेब इथे पुरत नाही. रस्त्याची वीट बदलली त्याच दिवशी नालबंदाचा अभ्यासही बदलायला हवा होता.

त्यात पावसाची भर पडते. माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिखलात उभ्या राहणाऱ्या घोड्याचा तळवा मऊ होतो, त्यातल्या खाचेत काळा, घाण वासाचा कुजवा धरतो आणि कवच फिकट रेघेपाशी सुटू लागते. अशा टापेत खिळा टिकत नाही. तेव्हा नाल किती दिवस काढून ठेवायचा, किती छाटायचे आणि पशुवैद्याला कधी बोलवायचे, हे निर्णय नालबंदालाच घ्यावे लागतात.

शिक्षण सक्तीचे करणे हा सोपा वाटणारा मार्ग आहे, पण आधी नोंदणी हवी. नोंदणी आली की परीक्षा आली, आणि कागदावर शाळा न झालेले, हात मात्र पक्का असलेले कारागीर बाहेर फेकले जाण्याचा धोका खरा आहे. घोड्यांच्या पायांवर रोजी चालणाऱ्याला तीन दिवस वर्गात बसणे म्हणजे तीन दिवसांची कमाई गमावणे. रोजाची भरपाई, मराठीतले चित्रांचे साधन आणि लेखीऐवजी प्रत्यक्ष टापेवरची चाचणी, एवढे तरी लागेल. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि आतली रचना शिकवू शकणारे प्राध्यापक तिथे आहेत. पण त्यांनी शिकवायचे तर डोंगरावर, घोड्याच्या पागेपाशी जाऊन, कारण नालबंद आपली अवजारे आणि गिऱ्हाईक सोडून खाली येत नाही. एक वर्ग घेऊन निघून जाण्यानेही भागत नाही. दोन नालबंदींच्या मध्ये तोच घोडा पुन्हा पाहिल्याशिवाय बदल टिकला की नाही ते कळत नाही, म्हणजे शिकवणाऱ्यालाही दर सहा आठवड्यांनी चढण चढावी लागेल. वर्षातले सोयीचे दिवस तेवढे पावसाळ्याचे. जून ते सप्टेंबरात पर्यटक ओसरतात, घोडे मोकळे असतात, आणि टापांचे रोगही त्याच महिन्यांत डोळ्यांसमोर असतात.