असं का होतं? : खणखणीत कोळसा

रायपुरात थंडी पडली की अंगणात शेगडी येते. अंगाकर रोटी, भरताची वांगी, कुणाकडे कोंबडी. एका पोत्यातला कोळसा नुसता धूर ओकतो, दुसऱ्यातला मुकाट फुलतो. असं का?

लाकूड कमी हवेत तापवलं की आधी पाणी उडतं, मग धूर करणारे वायू आणि डांबर. उरतो तो बहुतांशी कार्बन. भट्टी घाईने उघडली तर हे काम अर्धवट राहतं. असा तुकडा मोडला की आत तपकिरी दिसतो आणि पेटवला की राहिलेला धूर आपल्या अंगणात सोडतो. पुरता जळलेला तुकडा काळाभोर. दोन आपटले तर पक्क्या मडक्यासारखे खणखणतात.

कोळसा ओल शोषतो आणि विकला जातो किलोवर. म्हणजे ओलसर, स्वस्त पोत्यात पैसे पाण्याचेही. तळचा चुरा तर हवेची वाटच बुजवतो. बाभळीसारख्या जड लाकडाचा कोळसा जास्त वेळ टिकतो. मी तरी चार पैसे जास्त देऊन तोच घेईन. कोरब्याचा दगडी कोळसा वीजघरातच बरा, त्याच्या धुरात गंधक असतं.

आणि ती धुरकट चव? कोंबडीच्या बाबतीत ती बरीचशी निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीची. शेगडी मात्र उघड्यावरच हवी. बिनधुराच्या निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्या विषारी वायूला वास नसतो.