इंग्रजी ‘गेट’ : एका क्रियापदाची व्युत्पत्ती व अर्थविस्तार

भाषा परक्या वस्तूंची नावे सहज उसनी घेते. परंतु घेणे, देणे, मिळवणे यांसारखी नित्य व्यवहारातील क्रियापदे तिची स्वतःचीच असतात, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. या गृहीताची मर्यादा ज्यावरून स्पष्ट होते, त्या ‘मिळवणे’ या अर्थाच्या ‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचा येथे विचार करावयाचा आहे. ‘फाटक’ या अर्थाचे नाम सर्वस्वी निराळे होय.

या क्रियापदाचा मूळ इंडो-युरोपीय धातू ‘पकडणे’ या अर्थाचा मानतात. त्याच्या आरंभी ‘घ’ व शेवटी ‘द’ होता. ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार जर्मानिक शाखेत त्यांचे अनुक्रमे ‘ग’ व ‘त’ झाले. लॅटिनमध्ये मात्र ‘घ’चा ‘ह’ झाला व ‘द’ टिकला. ‘प्रेहेंदेरे’ (पकडणे) हे लॅटिन क्रियापद याच धातूचे आहे. त्यापासून फ्रेंचच्या द्वारे इंग्रजीत आलेला ‘प्रिझन’ (तुरुंग) हा शब्द म्हणजे ‘गेट’चा दूरचा आप्तच म्हणावयास हवा.

इंग्रजी ही जर्मानिक भाषा असल्यामुळे तिला ‘गेट’ वारशाने मिळाले असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. प्राचीन इंग्रजीत हा धातू मुख्यतः उपसर्गयुक्त रूपांतच आढळतो : ‘बेयिएतन’ (मिळवणे), ‘फोर्यिएतन’ (विसरणे), ‘ओन्यिएतन’ (जाणणे). या रूपांत ‘ग’चे तालव्यीकरण होऊन त्याचा उच्चार ‘य’ असा होत असे. ‘यील्ड’ (देणे, नमणे) या शब्दातील ‘य’ असाच आलेला आहे. चॉसरच्या (मृत्यू १४००) भाषेतही ‘विसरणे’ या अर्थाच्या क्रियापदात ‘य’च दिसतो. अर्थात आजच्या ‘गेट’मधील स्पष्ट ‘ग’ देशी परंपरेचा असू शकत नाही. तो प्राचीन नॉर्समधील ‘गेता’ या क्रियापदाचा आहे, आणि ‘फर्गेट’मधील ‘ग’देखील त्याच्याच प्रभावाने आला.

इ. स. ८६५ मध्ये इंग्लंडात उतरलेल्या मोठ्या डॅनिश सैन्यातील अनेक लोक पुढे उत्तर व पूर्व भागांत जमीन कसून राहिले. दोन्ही भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या होत्या की, शेजाऱ्यांचे बोलणे बरेचसे उमगत असावे. सुमारे १२०० पासून ‘गेट’ लेखनात दिसू लागते. ‘टेक’ (घेणे) हेही नॉर्सच असून त्याने ‘निमन’ या देशी क्रियापदास हुसकावले. ‘गिव्ह’ (देणे) देशी खरे. पण त्यातील ‘ग’ नॉर्सच्या संपर्कातून आला. ‘दे’ (ते) हे सर्वनामसुद्धा तिकडचेच. उसनवारी केवळ उणीव भरून काढण्यासाठी होत नाही. दीर्घ सहवासही तिला पुरेसा होतो, हे यावरून दिसून येते.

अर्थविस्तारातही एक सुसंगती आहे. प्रथम वस्तू प्राप्त होते. नंतर स्थान (‘गेट होम’, घरी पोहोचणे). नंतर अवस्था (‘गेट ओल्ड’, म्हातारे होणे). आणि शेवटी दुसऱ्याच्या कृतीने ओढवलेली अवस्था (‘गेट किल्ड’, मारले जाणे). हा शेवटचा, कर्मणी स्वरूपाचा प्रयोग सतराव्या शतकापासून आढळतो. कोशात विखुरलेले दिसणारे अर्थ अशा रीतीने एका साखळीत बसतात.

या साखळीचे मूळ एका संदिग्धतेत आहे. ‘गेट’चा कर्ता प्रयत्न करणाराही असतो आणि केवळ ग्रहण करणाराही. ‘ही गॉट द मनी’ या वाक्याचे मराठीत ‘त्याला पैसे मिळाले’ असेही होईल आणि ‘त्याने पैसे मिळवले’ असेही होईल. मराठीत ‘मिळणे’ आणि ‘मिळवणे’ यांतून निवड करावीच लागते. इंग्रजीत ती टळते. न्यायालयातील साक्षीचे भाषांतर करताना ही निवड व्याकरणापुरती राहत नाही. पहिल्या वाक्यात तो मनुष्य निव्वळ लाभार्थी ठरतो, दुसऱ्यात त्या लाभामागे त्याचा हात दिसतो. मूळ साक्षीदाराने मात्र यांपैकी काहीच म्हटलेले नसते. म्हणून ‘गेट’चा प्रतिशब्द केवळ कोशातून न उचलता, कर्त्याचे कर्तृत्व संदर्भातून सिद्ध होते किंवा नाही, हे भाषांतरकाराने आधी ठरविले पाहिजे.