हिमनदीची गती आणि ऋतुचक्र

हिमनदी म्हणजे डोंगरावर गोठून बसलेला स्थिर बर्फ, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः ती नावाप्रमाणे नदीच आहे. केवळ तिचे वाहणे सहज नजरेस येत नाही. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स यांनी १८४२ पासून आल्प्स पर्वतातील ‘मेर द ग्लास’ या हिमनदीवर काटेकोर मोजमापे घेतली. हिमनदी अहोरात्र सरकते, हिवाळ्यातही थांबत नाही. मात्र उष्ण व ओल्या हवामानात तिची गती वाढते, असे त्यांतून दिसून आले.

उन्हाने बर्फ मऊ होतो म्हणून तो वेगाने वाहतो, असे उत्तर चटकन सुचते. परंतु शेकडो मीटर जाडीच्या बर्फात उन्हाळ्याची ऊब वरच्या थरापलीकडे फारशी पोहोचत नाही. कारण तळाशीच शोधावे लागते.

हिमनदीची हालचाल दोन प्रकारची असते. एक, स्वतःच्या वजनाने बर्फ आतल्या आत हळूहळू ओघळतो. ही गती ऋतूनुसार फारशी बदलत नाही. दुसरी, तळाशी पाणी असल्यास संपूर्ण हिमनदी खडकावरून घसरते. ऋतूंचा परिणाम होतो तो मुख्यतः या घसरण्यावर.

हिवाळ्यात पाण्याचा पुरवठा आटतो आणि बर्फाच्या भारामुळे तळाचे जलमार्ग दाबले जाऊन अरुंद होतात. वसंताच्या शेवटी पृष्ठभागावरचे पाणी भेगांमधून खाली उतरू लागते. पण त्याला बाहेर पडण्यास पुरेशी वाट नसते. पाणी साचते, त्याचा दाब वाढतो, बर्फाचा बराचसा भार पाणीच पेलते आणि खडकाशी होणारे घर्षण घटते. स्वित्झर्लंडमधील उंटरआर हिमनदीचा पृष्ठभाग या काळात ०.६ मीटरपर्यंत वर उचलला जातो, असे अल्मुट इकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे.

पुढे वाहत्या पाण्याच्या उष्णतेने मार्गांच्या भिंती वितळतात व मोठे बोगदे तयार होतात. मग पाणी पूर्वीहून अधिक असले तरी दाब उतरतो आणि गती मंदावते. पहिल्या पावसात गाळाने भरलेली गटारे तुंबतात. वाट मोकळी झाल्यावर त्याहून मोठा पाऊसही निमूट वाहून जातो, तसेच हे आहे. तात्पर्य, हिमनदीची गती पाणी किती आहे यावर नव्हे, तर त्याचा दाब किती आहे यावर ठरते.

हा भेद ग्रीनलंडच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरला. तेथील बर्फ पूर्णपणे वितळल्यास जगातील समुद्राची पातळी सुमारे ७ मीटरने वाढेल. उन्हाळी वितळण्याबरोबर तेथील बर्फाची गती वाढते, हे २००२ मध्ये झ्वाली व सहकाऱ्यांनी दाखवले. २००६ च्या जुलैमध्ये बर्फावरील सुमारे ५.६ चौरस किलोमीटरचे एक सरोवर दोन तासांच्या आत तळाशी रिते झाले. साहजिकच, तापमान वाढेल तशी बर्फाची घसरणही वाढतच जाईल, अशी भीती निर्माण झाली. परंतु अधिक उष्ण वर्षांत बोगदे लवकर तयार होऊन गतीही लवकर उतरते, असे २०११ मधील एका अभ्यासात आढळले. २०१५ मध्ये टेडस्टोन व सहकाऱ्यांनी तर असे दाखवले, की नैऋत्य ग्रीनलंडच्या जमिनीवर संपणाऱ्या भागात वितळणे वाढूनही बर्फाची वार्षिक गती काही दशकांत घटली.

यावरून निश्चिंत होणे मात्र चुकीचे ठरेल. गती घटली तरी वितळलेले पाणी समुद्रातच जाते. शिवाय समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांचा न्याय वेगळा आहे. त्यांच्या मुखाशी बर्फाचे कडे तुटतात, पुढचा आधार जातो आणि मागचा बर्फ वेगाने पुढे येतो. ग्रीनलंडमधील याकोब्शाव्हन हिमनदीने २०१२ च्या उन्हाळ्यात वर्षाला १७ किलोमीटरहून अधिक, म्हणजे दिवसाला सुमारे ४६ मीटर, असा वेग गाठला होता.

म्हणूनच एखाद्या हिमनदीची केवळ उन्हाळ्यातील गती पाहून तिचे भवितव्य सांगता येत नाही. वर्षाचे सर्व ऋतू मोजावे लागतात. कोकण-गोव्यासह सर्वच किनाऱ्यांवरील समुद्रपातळीचे अंदाज अखेर अशाच मोजमापांवर अवलंबून आहेत.