डोहाळे, डोळे आणि बी-वन

मंडळी, गुढीपाडव्याला मी तिकिटांच्या टेबलावर का नव्हतो, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझी धाकटी बहीण इस्पितळात होती. तिला विचारूनच हे लिहितो आहे.

तिला तिसरा महिना होता. दीड महिना पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. "पहिलटकरणीला व्हायचंच असं," आम्ही सगळेच म्हणत होतो. आई फोनवरून आवळासुपारी सुचवत होती. दोनदा इमर्जन्सीत नेऊन ग्लुकोजची सलाईन लावून आणलं. दुसऱ्या खेपेनंतर म्हणाली, "दादा, मला दोन दोन दारं दिसताहेत." चालायची ती पाय फाकवून, भिंत धरून. बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं थरथरत. अशक्तपणा असेल, असं आम्ही ठरवून टाकलं.

तो वर्निकेचा आजार होता. कार्ल वर्निके यांनी १८८१ साली तीन रोगी नोंदवले. दोघे अट्टल दारुडे. तिसरी एक शिवणकाम करणारी तरुणी, सल्फ्युरिक ॲसिड प्यायल्यावर सतत उलट्या होणारी. दारुडे सर्वांच्या लक्षात राहिले, ती बिचारी मागे पडली. म्हणून गरोदर बाईच्या बाबतीत हा संशय चटकन येत नाही.

कारण एकच, थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची कमतरता. (माझी डॉक्टरेट रसायनशास्त्रातली, औषध मला विचारू नका!) थायमिनशिवाय पेशींना साखरेतून पुरेशी ऊर्जा काढता येत नाही. शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. तो संपला की मेंदूच्या खोडातली डोळे फिरवणारी आणि तोल सांभाळणारी केंद्रं उपाशी पडतात. त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत द्यावं लागतं. उशीर झाला तर स्मरणशक्तीही कायमची जाऊ शकते. हे थायमिन १९३६ साली प्रयोगशाळेत बनवणारे रॉबर्ट विल्यम्स जन्मले आपल्या नेल्लोरला, मिशनरी आईवडिलांच्या पोटी.

तेव्हा उलट्या थांबत नसतील तर इस्पितळात दोन गोष्टी सांगा: किती दिवस पोटात अन्न नाही, आणि "थायमिन दिलंत का?" दोन दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं वागणं, यातलं एकच असलं तरी थांबू नका.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर दोन दिवसांत तिची नजर जागेवर आली. पाय मात्र अजून पुरते सावरलेले नाहीत. गणपतीला ती येणार आहे. हॉलच्या जिन्यावर कुणीतरी हात द्या.