डोळ्यांतले तांबे
विल्सनच्या आजारात अन्नातून आलेले जादा तांबे बाहेर पडत नाही. आधी यकृतात, मग मेंदूत साठते. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कधी कावीळ होते, कधी हात थरथरतो, वळणदार अक्षर बिघडते. प्रत्येक तक्रारीचा डॉक्टर वेगळा, निदान रेंगाळणारच. खूण बहुधा डोळ्यांत सापडते: स्लिट लॅम्पखाली कॉर्नियाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडे. आजार यकृतापुरताच असेल, तर ते पुष्कळदा दिसत नाही. मग रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन (तांबे वाहणारे प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतले तांबे मोजतात. लघवीतले तांबे १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास संशय बळावतो. सदोष जनुक (एटीपी७बी, शोध १९९३) आई-वडील दोघांकडून यावे लागते, म्हणून भावंडांनाही तपासतात. पेनिसिलामाइन तांबे लघवीवाटे काढते, जस्त ते आतड्यातच अडवते. उपचार जन्मभर चालतात.