छत्तीस टन आणि एक घटम

१९७३-७४च्या दौऱ्यात ‘इमर्सन, लेक अँड पामर’ या इंग्लिश बँडबरोबर सुमारे ३६ टन सामान फिरत होतं. वाजवणारी माणसं तीन. आमच्या बीड जिल्ह्यात वजनाचा अंदाज उसावरून लागतो. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोनेक टन ऊस तोडते. तिघांच्या गाण्याबजावण्याचं हे ओझं एका कोयत्याला अठरा दिवस पुरलं असतं.

हा बँड ‘सुपरग्रुप’ म्हणवला जाई, कारण तिघंही आधीच्या बँडमध्ये नाव कमावून १९७०मध्ये एकत्र आले होते. तो काळ प्रोग्रेसिव्ह रॉकचा. तीन मिनिटांच्या गाण्यात जीव रमेना, म्हणून रेकॉर्डची अख्खी बाजू एकाच रचनेला द्यायची. ६ एप्रिल १९७४ला कॅलिफोर्नियात ते दोन लाखांवर लोकांपुढे वाजले. २०११च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती, म्हणजे पाळण्यातल्या पोरांसकट सगळं शहर नेऊन बसवलं असतं तरी मैदान भरलं नसतं. त्या रात्री कीथ इमर्सन पियानोसकट हवेत उचलला गेला आणि पियानोनं त्याला घेऊन कोलांट्या मारल्या. ग्रेग लेक मात्र पर्शियन गालिच्यावर उभा राहून गायचा. लोकांना ती श्रीमंती वाटे. खाली शॉक बसू नये म्हणून रबराची चटई होती. १९७७मध्ये सुमारे ७० वादकांचा ऑर्केस्ट्रा बरोबर घेतला, तेव्हा खर्च झेपेना आणि थोड्याच कार्यक्रमांनंतर त्याला निरोप द्यावा लागला.

आता दुसरा गालिचा.

जॉन मॅकलॉफ्लिन हा यॉर्कशायरचा गिटारवाला. १९७१मध्ये त्यानं ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. नाव गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं, वाजवणारे पाच जण पाच देशांचे, आणि आवाज कानठळ्या बसवणारा. पण या बँडचा खरा कस तालात होता. त्यांची एक प्रसिद्ध रचना १८च्या मोजणीत आहे. चारचारच्या ठेक्यावर वाढलेल्या रॉकच्या श्रोत्यानं टाळी कुठे द्यायची? दोन-अडीच वर्षांत भांडणं होऊन पहिला संच फुटला, आणि मॅकलॉफ्लिन विजेचा प्लग काढून जमिनीवर मांडी घालून बसला.

त्याच्या शेजारी मुंबईचा, विशीतला झाकीर हुसेन तबल्यावर. व्हायोलिनवर एल. शंकर, मृदंगमवर आर. राघवन. आणि विक्कू विनायकराम घटम घेऊन, म्हणजे भाजलेल्या मातीचं मडकं पोटाशी धरून. हा ‘शक्ती’. पहिला अल्बम ५ जुलै १९७५ला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका कॉलेजात, श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाला. रचना तीनच, पहिली अठरा मिनिटांची, शेवटची सुमारे २९. मॅकलॉफ्लिननं गिटारही बदलून घेतली होती. सहा तारांच्या खाली तिरक्या सात तारा झंकारासाठी, म्हणजे एकूण तेरा, आणि मींड काढता यावी म्हणून पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं.

माझ्या मते ३६ टनांच्या बँडपेक्षा हा बँड मोठा आहे, आणि हे मी भक्तीनं नव्हे, हिशेबानं म्हणतो.

तीनतालाच्या १६ मात्रा घ्या. या सलग मात्रांचे गट पाडायचे: ४-४-४-४, ३-३-३-३-४, ५-५-६, जसे सुचतील तसे. किती तऱ्हा होतील? १६ मात्रांमध्ये सांधे १५. प्रत्येक सांध्यावर तोडायचं किंवा नाही तोडायचं. म्हणजे १५ वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार: ३२,७६८ तऱ्हा. बोल कोणते, लय दुगुण की चौगुण, हे अजून धरलेलंच नाही.

आपल्या भजनी ठेक्याच्या ८ मात्रा. त्यांच्या तऱ्हा फक्त १२८. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत एका आवर्तनात एक तऱ्हा वाजवत गेलं, तर ११ मिनिटांच्या आत सगळ्या संपतात. मात्रा दुप्पट केल्या, १६ झाल्या, की त्याच लयीत ९१ तास लागतात.

बीडकडच्या माणसाला हे माप परकं नाही. गावोगाव सप्ता बसतो, सात दिवस वीणा खाली टेकत नाही, विणेकरी पहाऱ्यानं बदलत राहतात. १६८ तास. तेव्हा तीनताल एका सप्त्यात आरामात बसतो, वर काल्याच्या कीर्तनालाही वेळ उरतो. महाविष्णूच्या त्या १८ मात्रांना याच लयीत ४०९ तास हवेत: दोन सप्ते झाले तरी आणखी तीन दिवस. आणि तीनतालाची दोन आवर्तनं जोडून ३२ मात्रांचा पल्ला घेतला, तर तऱ्हा २१४ कोटींवर जातात, वेळ सुमारे १,३६१ वर्षं. अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे; त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे ११८८चा मानतात. त्या साली कुणी पखवाजाला कणीक लावून सुरुवात केली असती, तरी आज आणखी पाचशेहून जास्त वर्षं बाकी असती.

अर्थात कुठलाच वादक सगळ्या तऱ्हा वाजवत नाही. त्या ढिगातून समेवर नेणारी एक उचलायची आणि तीही ऐनवेळी, समोरच्यानं काय टाकलं ते ऐकून. पाच अक्षरांचा ‘तदिगिणतोम’ घ्या, मग एक मात्रा रिकामी, पुन्हा तोच बोल, पुन्हा एक रिकामी, तिसऱ्यांदा बोल. पाच त्रिक पंधरा आणि दोन, सतरा. सतरावी मात्रा म्हणजेच पुढच्या आवर्तनाची सम. ही साधी तिहाई आपल्या गावच्या पखवाजवाल्यालाही येते. ‘शक्ती’त दाक्षिणात्य घटम आणि उत्तरेचा तबला ती एकमेकांच्या अंगावर टाकत, आणि मॅकलॉफ्लिन गिटारवर तोच हिशेब सुरांत सोडवी.

महाविष्णूचा गडगडाट ऐकायला आलेल्यांना हे प्रकरण उमगेना. तीन अल्बम झाले आणि १९७८मध्ये बँड थांबला. १९९७मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ म्हणून पुन्हा जमला, आधी हरिप्रसाद चौरसियांसह, मग मँडोलिनवर यू. श्रीनिवास आणि घटमाच्या परंपरेतला, विक्कूंचाच मुलगा सेल्वगणेश. डिसेंबर २०००च्या मुंबईतल्या कार्यक्रमात भवानी शंकरांचा पखवाज होता, आणि गायला चेंबूरचा शंकर महादेवन, जो मराठी प्रेक्षकांना पुढे ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये पडद्यावरही भेटला.

१९७७च्या तिसऱ्या अल्बमनंतर मूळ नावानं पुढचा स्टुडिओ अल्बम आला २०२३मध्ये. मध्ये ४६ वर्षं गेली. मॅकलॉफ्लिन ८१ वर्षांचा. ४ फेब्रुवारी २०२४ला त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. झाकीरभाईंना त्या एकाच रात्री एकूण तीन. त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले.

इमर्सन आणि लेक दोघंही २०१६मध्ये वारले. उरलेला कार्ल पामर त्यांची जुनी चित्रफीत पडद्यावर लावतो आणि तिच्याबरोबर ड्रम वाजवतो. ‘शक्ती’त जाणाऱ्याच्या जागी दुसरं जिवंत माणूस बसत आलं, कधी मुलगा, कधी नव्या पिढीचा व्हायोलिनवाला. १९७५च्या त्या अल्बमपासून ऐकायला सुरुवात करावी. पहिल्या खेपेला कान गिटारकडेच जातो. दुसऱ्यांदा बोटांवर मात्रा धरून फक्त घटमाच्या मागे जा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला मोजणी हातची सुटली, तर बिचकू नका, पुन्हा सम शोधा.