आंदणात न आलेली उपनगरे

आमच्या घाटकोपरची वडीलधारी मंडळी फोर्टात किंवा गिरगावात निघाली की 'जरा मुंबईला जाऊन येतो' असे म्हणतात. मग आपण राहतो ते कुठे, असा प्रश्न मला लहानपणी पडे. पुढे शाळेत 'मुंबई इंग्रजांना आंदणात मिळाली' हे वाक्य पाठ केले. परंतु ते आंदण घेणारा जावई कोण आणि त्याला त्याची एवढी निकड का होती, हे काही कळले नाही. दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला त्या जावयाच्या पूर्वायुष्यात सापडले.

इंग्लंडचा दुसरा चार्ल्स २९ मे १६३० रोजी जन्मला. वडील राजे पहिले चार्ल्स. आई हेन्रिएटा मरिया ही फ्रान्सची राजकन्या. तो बारा वर्षांचा असताना राजा व पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले आणि घराची वाताहत झाली. आई फ्रान्सला गेली. बहीण मेरी आधीच हॉलंडात सासरी होती. एलिझाबेथ व हेन्री ही धाकटी भावंडे पार्लमेंटच्या ताब्यात राहिली. ३० जानेवारी १६४९ रोजी वडिलांचा शिरच्छेद झाला. आदल्या दिवशी त्यांना भेटता आले ते या दोघांनाच. चार्ल्स तेव्हा परदेशात होता, वय अठरा. पुढल्याच वर्षी एलिझाबेथ नजरकैदेत वारली.

१६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत चार्ल्स हरला. ओकच्या झाडात लपून, नोकराचा वेष घेऊन सुमारे सहा आठवड्यांनी तो फ्रान्सला निसटला. १६४६ मध्ये त्याने देश सोडला होता. मधली ती स्वारी वगळता १६६० पर्यंत चौदा वर्षांचा वनवासच म्हणायचा! तिसाव्या वाढदिवशी तो लंडनला परतला तो मानाने, पण रिकाम्या हाताने.

अशा राजाला श्रीमंत सोयरीक हवी होती. स्पेनशी झुंजणाऱ्या पोर्तुगालला बलवान मित्र हवा होता. २३ जून १६६१ च्या तहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन त्याला देऊ केली गेली. आंदणात वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेतील टँजियर आणि मुंबई बेट! ताबा घेताना मात्र खरा वाद झाला. इंग्रजांना वाटले, साष्टीही आपलीच. पोर्तुगीज अधिकारी म्हणाले, मुंबई बेटापलीकडे काही नाही. ताब्यासाठी आलेले सर अब्राहम शिपमन वाट पाहता पाहता १६६४ मध्ये अंजदीव बेटावर वारले. १६६५ च्या फेब्रुवारीत त्यांचे चिटणीस हम्फ्री कुक यांना मुंबई मिळाली, साष्टी मिळाली नाही. तीन वर्षांनी राजाने हे न पाहिलेले बेट सालिना दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी साष्टीतली गावे. ती पोर्तुगीजांकडेच राहिली. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी लढून घेतली. मुंबईची हद्द दाखवणारे 'शीव' हे नाव आजही आपल्या लोकलच्या वाटेवर आहे. पालिकेच्या हद्दीत अंधेरी-घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली आली.

म्हणून मित्रहो, आजोबा 'मुंबईला जातो' म्हणाले तर हसू नका. ते तीनशे वर्षांपूर्वीची हद्द बोलत असतात. आपण आंदणात दिलेली माणसे नाही. आणि बेटावरच्या ज्या माणसांना कोणी विचारलेच नाही, त्यांची कहाणी अजून लिहायची आहे; ती आपल्यापैकीच कोणी लिहावी.